दहामिनिट आणि आमची किटली

त्या माणसाला सगळे दहामिनिट म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ओ देई. विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलांना भाड्याच्या खोल्या दाखवणं हा त्याचा धंदा. खोली कुठलीही असो, कुलूप उघडता उघडता म्हणायचा, "इथून विद्यापीठ दहा मिनिटं." खोली पुलापलीकडे असली तरी दहा, टेकडीमागे असली तरी दहा. अकरावं मिनिट देवाने केलंय, हे त्याच्या गावीच नव्हतं.

आणि गंमत अशी की हा मूळचा घड्याळजी. वीस वर्षं डोळ्याला भिंग लावून लोकांची घड्याळं दुरुस्त केली. मग लोक फोनातच वेळ बघायला लागले, दुकान बसलं आणि ह्याने दलाली धरली. माणूस मनाचा वाईट नाही. फक्त समोरच्या दुकानातून आगपेटी आणायची तरी स्कूटरला किक मारणारा.

माझी त्याची गाठ पडली नातीमुळे. नातीला विद्यापीठात जागा मिळाली होती, दगडांच्या शिक्षणाला. "दगड काय आपल्याकडे कमी आहेत?" असं तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, महिनाभर म्हणत होता. वसतिगृह भरलेलं. गाडी आमच्या घरात कुणाच्या सात पिढ्यांत नाही. सकाळी आठला वर्ग आणि रात्री नऊपर्यंत ग्रंथालय. कुणा अनोळखी माणसाच्या गाडीत बसून पोरीने ये-जा करायची नाही, यावर मुलगा अडून बसला.

शेवटी म्हणाला, "आई, तू जा हिच्याबरोबर. चहा गरम पोचेल एवढ्यावर खोली मिळाली तर ठीक. नाहीतर सोमवारी हिचं नाव इथल्या कॉलेजात घालतो." आमच्या घराशेजारच्या त्या कॉलेजात दगड शिकवत नाहीत. नात रडली नाही, पण दोन दिवस जेवताना बोलली नाही.

चहाचं असं आहे. आमची चहाची टपरी होती. दुकानादुकानांत, कचेऱ्यांत किटलीने चहा पोचवायचा. माझा नवरा म्हणायचा, चहा गरम जातो तिथपर्यंतच आपलं गिऱ्हाईक, पुढचं दुसऱ्याचं. मुलगा शाळेतून आला की तीच किटली घेऊन पळायचा. त्यामुळे मैल-किलोमीटर आमच्या घरात कुणाला कळत नाहीत. कोमट म्हटलं की कळतं.

तर शनिवारी सकाळी मी, नात आणि ती पोचे पडलेली किटली, अशा तिघी दहामिनिटाच्या दारात उभ्या.

पहिली खोली चांगली होती. खिडकी मोठी, नळाला पाणी. "विद्यापीठ?" मी विचारलं.

"दहा मिनिटं, आजी."

मी घरमालकिणीकडून किटलीभर चहा उकळून घेतला. नातीला म्हटलं, "तू किटली घेऊन चालत नीघ. धावायचं नाही, रेंगाळायचं नाही. रोज चालशील तशी चाल." आणि मी दहामिनिटाच्या स्कूटरवर मागे बसले. माझ्या गुडघ्यांवर खोली ठरवली असती तर पोरीला विद्यापीठाच्या फाटकातच झोपावं लागलं असतं.

स्कूटर फाटकाशी पोचली. त्याने मनगट माझ्यापुढे धरलं. "बघा. दहा. वर एक सेकंद नाही."

खरंच दहा! तेव्हा मला कळलं की हा खोटारडा नाही. ह्याची मिनिटं स्कूटरची आहेत, एवढंच.

फाटकावर एक मिशीवाला पहारेकरी होता. त्याला म्हटलं, "बाबा, तू त्रयस्थ. चहा येईल तो पी आणि काय ते सांग." फुकटचा चहा आणि वर न्यायाधीशाचा मान, त्याने लगेच टोपी सरळ केली.

नात आली ती पाऊण तासाने, घामाघूम होऊन. पहारेकऱ्याने घोट घेतला, मिशी पुसली आणि म्हणाला, "हा चहा की भांडी विसळलेलं पाणी?"

पहिली खोली बाद.

दुसऱ्या खोलीच्या गच्चीवरून विद्यापीठाचं घड्याळ दिसत होतं. दहामिनिट फुशारला. "आजी, इथून तर हाक मारली तर ऐकू जाईल!"

हाक गेली असती, पोर गेली नसती. मध्ये हा एवढा रुंद रस्ता, गाड्या सुसाट, आणि ओलांडायची जागा थेट पुढच्या चौकात. नात किटली घेऊन वळसा घालून फाटकाशी आली. पहारेकरी म्हणाला, "मघापेक्षा बरा. पण चहा म्हणवत नाही."

"अहो, तिसऱ्या खोलीच्या दारातच बस थांबते," दहामिनिट म्हणाला. "चालायचं कशाला?"

गेलो. थांबा होता खरा, खांब होता, खांबावर पाटीही होती. पण त्या खांबापासून समोरच्या झाडापर्यंत दोरी बांधून कुणीतरी दोन चादरी आणि एक परकर वाळत घातला होता.

"बस कधी येते रे इथे?" मी विचारलं.

"येते की. मधूनमधून."

"बाबा, जिथे बस येते तिथे बाई चादर वाळत घालत नाही. ही चादर सकाळपासून वाळतेय, कडकडीत झालीय बघ."

नात हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग तिचं हसू मावळलं, कारण दहामिनिटाच्या यादीत एकच खोली उरली होती आणि उन्हं कलायला लागली होती. रविवारी तो खोल्या दाखवत नाही. सोमवारी तर बाप अर्ज घेऊन तयार.

"आजी," ती हळूच म्हणाली, "बाबांना कोमट चालेल का?"

"तो माझा मुलगा आहे," मी म्हटलं. "कोमट चहाने गिऱ्हाईक तुटतं, हे त्याला पाचव्या वर्षी शिकवलंय मी."

पण पोरीचा चेहरा बघवेना. चौथ्या खोलीशी पोचलो तेव्हा मी दहामिनिटाला म्हटलं, "स्कूटरची किल्ली दे इकडे."

"का?"

"दे तर खरी." मी ती कमरेला खोवली. "आता ही किटली धर आणि पोरीबरोबर चालत ये. मी रिक्षाने पुढे जाते."

"आजी, मी चालून पंधरा वर्षं झाली!"

"मग पाय नवेकोरेच असतील. वापर."

मी फाटकाशी येऊन पहारेकऱ्याच्या बाकावर बसले. पाच वाजत आले होते. उपाहारगृहाची पाळी सुटली आणि आतून एक बाई आली. कपाळावर पिठाचं बोट, हातात झाकणाचा स्टीलचा डबा. पहारेकऱ्याने तिला आमची सगळी कथा मीठमसाला लावून सांगितली.

"लांब राहतेस का गं?" मी तिला विचारलं.

"छे हो, ही काय." तिने बोट दाखवलं. मागच्या भिंतीला एक लहानसं दार होतं, तिथून दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या. "पायऱ्या उतरायच्या, कालव्यावरचा चालायचा पूल ओलांडायचा, की आमची गल्ली. वर दिवे आहेत रात्रभर. आम्ही दहाजणी येतो-जातो."

"आणि डब्यात काय?"

"चहा. आमच्या ह्यांना पाचचा चहा इथलाच लागतो. घरी जाऊन देते. जरा गार झाला तरी कुरकुर करतात."

माझे कान टवकारले. "म्हणजे घरी गरम पोचतो?"

"गरम? फुंकून पितात!"

तेवढ्यात रस्त्याच्या टोकाला आमची वरात दिसली. पुढे नात. मागे दहामिनिट, एका हातात किटली, दुसऱ्या हातात स्वतःची चप्पल. तिचा अंगठा तुटला होता. तोंड टोमॅटोसारखं लाल. एवढ्या वेळात चहा कसला गरम राहतो, चौथी खोलीही बाद.

बाई बघतच राहिली. "अगं बाई! अहो, तुम्ही? पायी?"

तो बाकावर कोसळला. "पाणी."

"हे तुझे हे?" मी विचारलं.

"हेच ते," बाई म्हणाली. "आणि तुम्ही ह्यांच्याबरोबर खोली शोधताय? मग आमच्या घरावरची खोली नाही दाखवली ह्यांनी? दुकान बंद झाल्यापासून रिकामी आहे."

दहामिनिट पाणी पिता पिता थांबला. "ती? ती कुणाला दाखवायची? लांब आहे. पार चौकातून वळसा, एकेरी रस्ता, रेल्वेचं फाटक लागतं. स्कूटरने पंचवीस मिनिटं होतात."

सगळ्यांना दहा सांगणारा माणूस स्वतःच्या घराला पंचवीस म्हणाला. इमान बघा!

"आणि मी कशी येते हो रोज?" बायकोने विचारलं.

"तू... तू येतेस आपली."

"सात वर्षं तोंड भाजणारा चहा पिताय. तो काय उडत येतो?"

पहारेकरी इतका हसला की त्याची टोपी पडली. दहामिनिट डोकं खाजवत त्या पायऱ्यांकडे असा बघत होता, जसं काय आत्ताच कुणी बांधल्या.

पहारेकऱ्याला फाटकावर ठेवून आम्ही सगळे त्या पायऱ्या उतरलो. मी कठडा धरून, एकेक. खोली लहान होती, पण पूर्वेची. भिंतभर घड्याळं टांगलेली. लोक दुरुस्तीला टाकून गेले आणि परत आलेच नाहीत, अशी. प्रत्येकात वेगळी वेळ. नात म्हणाली, "ह्यातलं खरं कुठलं?"

"एकही नाही," दहामिनिट जरा लाजून म्हणाला. "फेकवत नाहीत. पण काढतो. पोरीच्या पुस्तकांना जागा हवी."

"एक राहू द्या," नात म्हणाली. "आठच्या वर्गापुरतं."

बाईने चहा टाकला, उकळला, किटलीत ओतला. नात एकटी निघाली आणि आम्ही खिडकीतून बघत राहिलो. पुलावर तिची आकृती दिसली, मग पायऱ्यांवर, मग दाराआड गेली. थोड्या वेळाने वरून पहारेकऱ्याची जी बोंब आली ती कालव्यापलीकडे आम्हाला ऐकू आली.

मी मुलाला फोन लावला. दहामिनिटाने अंगात आल्यासारखा फोन हिसकावला. "साहेब, खोली मिळाली! विद्यापीठ फक्त सात मिनिटं!"

पलीकडून मुलगा म्हणाला, "तुमचं नाव ऐकून आहे मी. आईला द्या."

मी फोन कानाला लावला. "बाळा, पहारेकऱ्याची जीभ भाजली."

 "खरंच भाजली?" त्याने विचारलं.

"बोंबललाय."

"मग सोमवारचा अर्ज फाडतो," मुलगा म्हणाला. "आणि आई, त्याला म्हणावं थोडं थंड दूध लाव."