न मारलेली चपराक

एक न मारलेली चपराक मला आजही आठवते. वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. मानोऱ्याकडच्या एका गावात जुगाराचा अड्डा चाले. पहिली धाड साधली; त्यानंतरच्या आमच्या धाडी मात्र एकामागून एक फसू लागल्या. जाऊन पाहावे तर सतरंजी अंथरलेली, चहा गरम, माणूस एकही नाही. बातमी मीच फोडतो, असा वरिष्ठांचा संशय. चौकशी लागली, वर्दी जाण्याची वेळ आली.

अड्डेवाल्याला बोलावून खडसावले. तो उलट हसला.

"तुमचाच तं निरोप येते, साहेब. तुमचा माणूस फोन करते."

"माझा कोणता माणूस?"

"सर्व्या गावाले माहीत हाये."

त्याने सांगितलेला माणूस पूर्वी माझा खबऱ्या होता. आता ठाण्यासमोर हमाली करायचा. आत घेतले, तर काही लपवलेच नाही.

"धाडीले जाताना तुमी पंच म्हणून दरवेळी ठाण्यासमोरच्या त्याच दुकानदाराले नेता. त्यानं शटर पाडलं का मी फोन करून देतो."

"का पण? मी तुझं काय वाईट केलं?"

"पयल्या धाडीत सर्व्यायले झोडपलं. मलेच काहून सोडलं?"

"माझा माणूस म्हणून."

"थेच तं गावानं पाह्यलं. पोरीची सोयरीक मोडली, साहेब. कोणी कामाले बलावत नाही."

 खबऱ्याला इतरांसारखेच वागवायचे, हे नव्या शिपायालाही शिकवतात. मला मात्र त्याच्यावर हात उगारवला नव्हता.

"आता काय करू?" मी विचारले.

"बेडी घालून गावातून ओढत न्या."

बेडी नियमात बसत नव्हती. दुसऱ्या दिवशी गावात जाऊन मी त्याची कॉलर धरली आणि भर चौकातून शिव्या देत चालवले. गालावर एक ठेवूनही दिली. पारावरची माणसे उठली. अड्डेवाल्याची आई आडवी आली.

"कायले मारता त्याले? आमच्या गावचा माणूस हाये तो."

मी तिलाही दरडावले. जीपमध्ये बसल्यावर तो गाल चोळत हळूच म्हणाला, "आता जमलं."

प्रतिबंधक कारवाई करून त्याला संध्याकाळी सोडले. माझ्या चौकशीत त्याचे नाव सांगितले असते तर मी सुटलो असतो, पण तो माझा खबऱ्या होता हेही सांगावे लागून तो पुन्हा पोलिसांचा माणूस ठरला असता. माणसाला जपायचे तर कुणाच्या डोळ्यांदेखत, हे मला उशिरा कळले. मी नाव सांगितले नाही. वर्दी वाचली, पण सेवापुस्तकात शेरा बसला. तो अजून तसाच आहे.