ग्रहण सुटेपर्यंत

आमच्याकडे मामाची मुलगी भाच्याचीच. हे कुणाला ठरवावं लागत नसे. मुलगी पाळण्यात असतानाच ते ठरलेलं असे, फक्त तिला कळायला काही वर्षं जात. मला कळलं तेव्हा मी चौथीत होते आणि माझा भावी नवरा, म्हणजे आत्याचा मुलगा, आमच्या दारात गोट्या खेळताना रडत होता. माझ्या वडिलांनी, म्हणजे आप्पांनी, स्वतःच्या मामाची मुलगी केली होती. ती माझी आई. आता आप्पांच्या बहिणीचा मुलगा त्याच्या मामाची मुलगी करणार होता, आणि ती मी होते.

आप्पांना तळोज्याच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून आम्ही सोलापूरकडून वाशीला आलो. एक खोली आणि स्वयंपाकघर. नव्या शहरात तेव्हा इमारती कमी आणि होणाऱ्या इमारतींच्या पाट्या जास्त होत्या. घर बदललं, पण आत्याच्या घरी जायचं ठरलेलं काही बदललं नाही. ते आमच्या सामानाबरोबर ट्रकमधून आलंच.

माझा थोरला भाऊ जन्मापासून बहिरा, म्हणून मुकाही. तो एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करायचा. तिथल्या आवाजानं बाकीच्यांची डोकी उठतात, माझं नाही, असं तो खुणांनी सांगायचा आणि स्वतःच हसायचा. तो बहिरा का झाला, याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. तो पोटात असताना ग्रहण लागलं होतं. ग्रहणात गरोदर बाईनं चिरायचं नाही, शिवायचं नाही, काही बंद करायचं नाही, नुसतं पडून राहायचं. आईला चुलीशेजारी उंदीर दिसला आणि तिनं उठून त्याचं बीळ मातीनं लिंपून टाकलं. बीळ बुजलं, तसे पोराचे कान बुजले. आत्या प्रत्येक मुक्कामात ही गोष्ट एकदा तरी सांगायची. आई तेवढ्यात पाणी आणायला आत जायची आणि आप्पा पेपर उलटायचे.

मी पनवेलला बी.एस्सी.ला होते, विषय प्राणिशास्त्र. दुधाच्या बाटल्यांत पिकलेली केळी घालून आम्ही फळमाश्या वाढवायचो आणि त्यांच्या डोळ्यांचे रंग मोजायचो. सरांनी तारा आणि मणी जोडून डीएनएची पिळलेली शिडी केली होती. ती टेबलावर नीट उभी राहायची नाही, म्हणून एका विद्यार्थ्यानं ती धरून ठेवायची आणि सरांनी शिकवायचं. पेशीपेशीत ही शिडी असते, तिच्यावर सगळा मजकूर लिहिलेला असतो, अर्धा आईकडून आलेला आणि अर्धा वडिलांकडून, आणि पिढ्यान्पिढ्या त्याची नक्कल होत येते. मग आम्ही वंशावळी काढायला शिकलो. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, नात्यातलं लग्न असेल तर दोघांमध्ये एकाऐवजी दोन रेघा. मी आमच्या घराची वंशावळ काढली आणि दुहेरी रेघेखालचा दादाचा चौकोन काळा केला. सरांनी ती पाहिली, पुन्हा एकदा पाहिली आणि विचारलं, "हे घर कुणाचं?" मी ओळखीच्यांचं म्हणून सांगितलं.

तेव्हापासून मला ते लग्न नको होतं. आत्याचा मुलगा वाईट नव्हता. साखर कारखान्यात नोकरीला होता, दादाशी खुणांनी बोलायचा, माझ्याकडे फार बघायचा नाही. तो वाईट असता तर काम सोपं झालं असतं. नाही म्हणायचं तर कारण सांगायला हवं, आणि कारण सांगितलं की ते आईच्या अंगावर जाणार. आतापर्यंत दोष तिच्या हाताचा होता, आता तिच्या रक्तातच आहे असं मी सांगायचं? मला तिची भीती वाटत होती, म्हणजे तिच्या चेहऱ्याची. मी महिनोन्महिने गप्प राहिले.

ऐंशी सालच्या फेब्रुवारीत दुपारी सूर्यग्रहण होतं. नेमकी आदल्या दिवशी आत्या मुलाला घेऊन आली. शनिवारी सकाळीच आईनं पिठामिठात तुळशीची पानं टाकली, खिडक्यांवर चादरी लावल्या. एरवी कळंबोलीकडून येणारे ट्रक हायवेवर हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. त्या दुपारी तेही थांबले. खाणंपिणं नाही, कामधाम नाही. दादा आणि आतेभाऊ जमिनीवर पत्ते खेळत बसले.

"गिरान सुटलं की अंगुळी करू आन सुपारी फोडून टाकू," आत्या म्हणाली.

"आत्या, सुपारी नको," मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला.

"का गं? माज्या लेकात काय कमी हाय?"

"त्याच्यात काही कमी नाही. आपण सगळे एकाच घरातले आहोत. दादासारखं मूल पुन्हा होऊ शकतं."

"त्ये तुज्या आईनं बीळ लिंपलं म्हनून झालं. तू पोटुशी ऱ्हायलीस की गिरान नीट पाळ म्हंजे झालं."

आई उठून आत जायला लागली. मला भयंकर राग आला, आणि सांगू की नको हा प्रश्न त्या रागातच संपला. मी दादाच्या हातातले पत्ते काढून घेतले.

"हे बघा. ऐकू येण्यासाठी प्रत्येकाकडे दोन पानं असतात. एक आईनं दिलेलं, एक बापानं. एक जरी बदाम असलं तरी ऐकू येतं. इस्पिक त्याच्याखाली दडून राहतं, कुणाला दिसत नाही." मी जमिनीवर पानं मांडली. आप्पांची आई आणि आईचे वडील सख्खी भावंडं. त्यांच्या घरातलं एक इस्पिक दोघांकडे गेलं. बहिणीकडून आप्पांकडे, भावाकडून आईकडे. दोघांनाही छान ऐकू येत होतं. दादाच्या वाट्याला मात्र दोन्हीकडून इस्पिकच आलं. मी दादापुढे दोन काळी पानं ठेवली. त्याला वाटलं मी डाव वाटतेय, त्यानं ती उचलून हातात धरली.

"म्हंजे माज्याकडंबी असंल?" आतेभावानं विचारलं.

"असेल किंवा नसेल. माझ्याकडे असण्याचा संभव बराच. आपल्याला ऐकू येतं, म्हणून कळणार नाही."

रक्त काढून हा मजकूर वाचायची सोय तेव्हा नव्हती. आज आहे. तेव्हा वंशावळ आणि तर्क यांवरच भागवावं लागे, आणि बहिरेपणाला दुसरी कारणंही असतात, हे मला माहीत होतं. मी तेही सांगितलं. बिळाचा मात्र संबंध नाही, हे छातीठोकपणे सांगितलं.

"म्हंजे आमच्या आईत खोट व्हती म्हन की!" आत्या कडाडली.

"खोट नाही आत्या. नक्कल होताना राहिलेली चूक. अशा चुका प्रत्येकात असतात." नकलेत चुका झाल्या नसत्या तर आपण अजून समुद्रातच असतो, असं सर म्हणायचे. ते मी आत्यापुढे काढलं नाही.

आत्यानं भावाकडे पाहिलं. आप्पांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला. "आक्का, सुपारी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. एवढंच वाक्य, पण आत्यापुढे ते आईच्या बाजूनं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं. आतेभावानंही मान हलवली. आत्या भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती येऊन माझ्यासमोर बसली. मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. तिनं दादाच्या हातातली दोन्ही पानं हलकेच काढून घेतली.

"ह्यातलं माजं कोंचं?"

मी एका पानावर बोट ठेवलं.

"आन ह्ये?"

"ते आप्पांचं."

तिनं दोन्ही पानं जमिनीवर शेजारी शेजारी ठेवली. मग तिचे डोळे भरून आले आणि ती हसली.

"म्हंजे निम्मंच माजं," ती म्हणाली. "मी इतकी वर्सं सगळंच माजं धरून बसले व्हते."