गुरुत्वाकर्षण आणि पावणेदोनपट वॉशर

माझ्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं नळदुरुस्तीची कामं केली आणि निवृत्त झाल्यावर जाहीर केलं की गुरुत्वाकर्षण ओढत नाही, ढकलतं.

"ओढणारं जगात काही नसतंच," ते म्हणायचे. "पंपसुद्धा पाणी ओढत नाही. बाहेरची हवा ते वर ढकलते."

"मग तुम्हाला सकाळी अंथरुणातून का नाही ढकलत कुणी?" सासूबाई विचारायच्या.

त्यांनी चाळीस पानं लिहून गावातल्या खगोलसंस्थेला दोनदा पाठवली. उत्तर नाही. तिसऱ्यांदा फाइल काखोटीला मारून स्वतःच निघाले. भांडण होऊ नये म्हणून मी सोबत गेले.

तिथे एक तरुण शास्त्रज्ञ बाई भेटल्या. गुरुत्वाकर्षणाचे नवे सिद्धांत कृष्णविवरांच्या निरीक्षणांवर तपासून बघणं, हेच त्यांचं काम. लोकांनी पाठवलेल्या सिद्धांतांनी कपाट भरलं होतं. त्यांनी एक चित्र दाखवलं: काळ्या ठिपक्याभोवती नारिंगी कडं.

"हा तर वॉशर!" सासरे म्हणाले.

"वॉशरच समजा, काका. मधला काळोख म्हणजे कृष्णविवराची सावली. ती मोजलेली आहे. आइनस्टाइनच्या हिशेबाने जेवढी यावी तेवढीच ती येते, थोडं इकडेतिकडे. तुमच्या हिशेबाने केवढी येते?"

सासऱ्यांनी फाइल चाळली. चाळीस पानांत एकही आकडा नव्हता.

घरी येताना म्हणाले, "सूनबाई, तुझं गणित कितपत आहे?"

"शाळेत शिकवण्यापुरतं, बाबा."

"म्हणजे आहे."

बाईंनी दिलेल्या टिपणांवर आम्ही तीन महिने डोकेफोड केली. कृष्णविवराच्या किती जवळून गेलेला प्रकाश सुटतो आणि किती जवळून गेलेला कायमचा आत जातो, एवढाच प्रश्न. पण त्यासाठी जवळ जाताना हा ढकलणारा दाब कसा वाढतो, हे आधी ठरवायला हवं होतं. सासऱ्यांनी ते कागदावर लिहून खाली सही केली. "आता उत्तर काहीही येऊ दे, हे बदलायचं नाही. वॉशर बसला नाही म्हणून कुणी नळ कापत नाही."

उत्तर आलं मोजलेल्या सावलीच्या पावणेदोनपट. तीनदा तपासलं, तरी पावणेदोनच.

"जवळपासच आहे की," सासूबाई समजूत घालायला म्हणाल्या.

"अगं, एक इंची नळाला पावणेदोन इंची वॉशर चालेल का?"

"आपल्या मोरीत तुम्ही तोच तर बसवलाय."

दुसऱ्या दिवशी आम्ही संस्थेत गेलो, तर तिथे व्याख्यान चालू होतं. एक प्राध्यापक आपला नवा सिद्धांत मांडत होते. सावलीचं माप जुळत नव्हतं, पण सूत्रातले दोन आकडे जरा फिरवले की जुळेल, असं त्यांचं म्हणणं. मागच्या बाकावरून सासरे उठले. मी त्यांचा सदरा धरला, पण उशीर झाला होता.

"साहेब, किती फिरवलं की तुमचा नळ बंद होतो?"

सभागृह खो खो हसलं. प्राध्यापकही हसले. "आणि तुमच्या सिद्धांताचं काय झालं?"

"गळका निघाला."

आणि तिथेच त्यांनी फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलं, 'चूक. कारण: सावली पावणेदोनपट,' खाली सही, तारीख. बाईंनी ते पान दोनदा वाचलं. म्हणाल्या, "काका, ह्या कपाटात सव्वाशे सिद्धांत आहेत. स्वतः चूक म्हणून लिहून देणारे तुम्ही पहिलेच."

घरी आल्या आल्या सासऱ्यांनी मोरीतला वॉशर बदलला.

आता बाई नवे सिद्धांतवाले आधी आमच्याकडेच पाठवतात. दर मंगळवारी बैठक बसते. सासरे दारातच विचारतात, "आकडा आणलाय?" बहुतेक जण चहा पिऊन परत जातात. गेल्या महिन्यात एक निवृत्त दंतवैद्य आले. ते खरंच आकडा घेऊन आले होते. मी तपासला. सव्वापट. चूकच, पण सव्वापट.

सासरे दोन दिवस नीट जेवले नाहीत.