परत आलेली ओटी

उचगावची शालन आणि कुरुंदवाडची मालन यांची गाठ पडली ती १९९६ साली, कोल्हापूरच्या कोर्टातल्या बाकावर. दोघींनी फारकतीची केस घातली होती. तारखेला एक भाकरी आणायची, दुसरी झुणका.

वैशाखात मालनने केस मागे घेतली. "नवरा सुधारलाय म्हणतोय की गं!" सवाशिणीला रिकाम्या ओटीनं पाठवू नये म्हणून शालनने बाकावरच तिची ओटी भरली. घाईत अंबाबाईच्या नारळावर कुंकवाची पाच बोटं उमटली.

पुढच्या तारखेला शालनचा नवरा आकाराम हिरवी साडी घेऊन आला. यानंच तिचा हात मोडला होता.

"चल घरला. केस मागं घे, कर सही. आता न्हाय मारणार."

शालन विरघळली. सहीसाठी बाकावर टेकली, तर शेजारी मालनच्या जागेवर तोच नारळ! तीच पाच बोटं. भरलेली ओटी कुणी परत करत नाही. तिनं नारळ उचलला, तसा रॉकेलचा भपकारा आला.

"वास येतोय न्हवं?"

"कसला वास? याड लागलं काय तुला?"

शालनने सही केली नाही.

संध्याकाळी वकीलबाईंकडून कळलं, आठ दिवसांपूर्वी स्टोव्ह भडकून मालन गेली.

फारकत मिळेपर्यंत शालन दर तारखेला दोघींपुरती भाकरी नेत राहिली. शेजारी कुणी टेकायला आलं, की म्हणायची, "पावणं, जरा सरून बसा. हितं बसल्यात."