बकऱ्याचा तिसरा डाव

पडद्यावर माझ्या डोक्यावर नाव तरंगत होतं : बकरा.

ते आर्यनने टाकलं होतं. आर्यन म्हणजे टॉवरच्या सेक्रेटरीचा मुलगा, आमच्या टीमचा कॅप्टन. कांदिवलीच्या आमच्या सोसायटीत यंदा गणपतीत बंदुकांच्या व्हिडिओ गेमची स्पर्धा होती. प्रत्येक टीममध्ये एक म्हातारा घ्यायचा, असा गमतीचा नियम. नातीबरोबर मी घरी हा गेम खेळतो, म्हणून मी स्पर्धेत नाव नोंदवलं. क्लबहाऊसच्या भिंतीवर सगळं मोठं दिसत होतं. पुढे सोफ्यांवर टॉवरवाले. मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही. चाळ पाडल्यावर त्याच आवारात मागच्या बिल्डिंगमध्ये ढकललेले.

"काका, नेमबिम धरू नका," आर्यन म्हणाला. "दारातून पळत जायचं आणि मरायचं. गोळी कुठून आली ते कळलं की पुढचं आम्ही बघतो."

पळालो. डोकं फुटलं. भिंतभर रक्त. हॉल हसला. डाव आम्ही जिंकलो.

दुसरा डाव. तोच नकाशा, तेच दार. गोळी गळ्यात. माझं प्रेत उंबऱ्यावर पडलं, आर्यन त्यावरून उडी मारून आत गेला.

"झकास मेलात, काका."

तरी तो डाव हरलो. बरोबरी झाली.

उंबऱ्यावरचं ते प्रेत बघताना मला शेवंतीवहिनी आठवली. शेजारीण. ती मागे खुर्चीवरच बसली होती.

चाळ रिकामी करायला बिल्डरची माणसं आली तेव्हा चाळ कमिटीचा अध्यक्ष मी होतो. मी तिला म्हणालो, "वहिनी, तुम्ही दारात बसा. बाईला हात लावणार नाहीत." लावतील हे मला माहीत होतं. लावावा, हेच हवं होतं. मी जिन्याखाली मोबाईल धरून उभा होतो. त्यांनी तिला केसांना धरून पायऱ्यांवरून ओढलं. कोपरावर दांडका घातला. हाड मोडल्याचा आवाज व्हिडिओत आहे. मी मोबाईल हलू दिला नाही.

त्या व्हिडिओमुळे चाळ पाडली तरी बिल्डरला आम्हाला याच आवारात घरं द्यावी लागली. तिचा सत्कार झाला. मी भाषण केलं, "वहिनी स्वतःहून पुढे गेल्या." नारळ तिने एका हाताने घेतला. दुसरा अजून सरळ होत नाही.

नात म्हणते, "आजोबा, नकाशा तोच असला तरी दर वेळी वेगळं करून बघता येतं ना. म्हणून तर परत खेळायचं."

तिसरा डाव. मी दाराशी थांबलो.

"काका, जा ना. झोपलात काय?"

"आता तू जा."

वेळ संपत आली. शेवटी तो गेला. त्याच दारात त्याचं डोकं उडालं. मागे कोणीतरी शिट्टी मारली.

आर्यन उठला. माझ्या कानांवरचा हेडफोन हिसकावला. चष्मा उडाला, काच फुटली, भुवईतून रक्त आलं.

"म्हाताऱ्या, तुला मरायलाच घेतलं होतं ना?"

त्याचा बाप सोफ्यावरून उठलाही नाही. "म्हणून सांगतोय, टॉवर आणि मागच्या बिल्डिंगच्या मध्ये भिंत घाला. त्यांचा रस्ता मागून करा."

मी मूठ उगारली होती. मग कळलं, हे पोरगं माझीच चाल खेळत होतं. मूठ सोडली. रक्त पुसत मागे गेलो आणि वहिनीला सांगितलं. जिन्याखालचं सगळं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "माका ठावक आसा, भावजी. लोकांक सांगा."

सांगतोय. शेवंतीवहिनी स्वतःहून पुढे गेली नव्हती. तिला दारात मी ठेवली होती, मार खायला.

रविवारी भिंत घालायला माणसं येणार आहेत. आमची कमिटी म्हणते, बायकांना पुढे बसवू. नाही. वाटेवर सगळ्यात पुढे मी बसणार. ज्याला व्हिडिओ काढायचाय, त्याने माझ्या शेजारी बसून काढावा.