मास्तरने हात वर केल्याशिवाय

दादाला जाऊन दोन महिने झाले. घरी भेटायला येणारे लोक केळी आणतात, त्याचे बँडवाले किस्से आणतात. केळी संपली, किस्से संपत नाहीत!

दादा कीबोर्ड वाजवायचा. त्याला एक कॅसेट काढायची होती. त्यात रॉक, आपलं शास्त्रीय, आणि बँडमधल्या चौघांचं एकेक सोलो. "याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात," तो सांगायचा. आई म्हणायची, "काहीही म्हण, पण खिडकी लावून म्हण!" तिघांचं सोलो झालं. दादाचंच तेवढं राहिलं.

*

ड्रमवर बबन. आधी तो लग्नाच्या ब्रास बँडमध्ये होता. तिथे पुढे चालणारा मास्तर हात वर करतो, तेव्हाच वाजवणं थांबतं. आमच्या आचोळ्याच्या सरावाच्या खोलीत पहिल्याच दिवशी गाणं संपलं, सगळे थांबले, बबन चालूच. अकरा मिनिटं! शेवटी दादाने वैतागून हात वर केला.

"अरे, थांबायचं कळत नाही?"

"मास्तरने हात कुठं वर केलेला?"

तेव्हापासून दादा मास्तर झाला. आणि ती अकरा मिनिटं म्हणजेच बबनचं सोलो.

*

खालच्या सावंतकाकू एकदा वर आल्या. आम्हाला वाटलं, भांडायला. पण त्या बसल्या, मन लावून ऐकलं, मग हळूच म्हणाल्या, "छान आहे रे. पण गाणं कधी सुरू होणार?"

दादा म्हणाला, "काकू, संपलं!"

*

गिटारवाला विल्सन वसईचा. रविवारी चर्चमध्येही वाजवायचा. एकदा मिस्साची प्रार्थना चालू असतानाच त्याने सोलोची प्रॅक्टिस सुरू केली. लोक कम्युनियनचा प्रसाद घेऊन जागेवर बसले, तरी हा चालूच. नंतर फादर म्हणाले, "विल्सन, देवाला वेळच वेळ आहे. पण लोकांच्या घरी मासळी शिजायचीय!"

*

बोळिंजचे गुरुजी गाणारे. रेकॉर्डिंगचं मशीन मिळायचं फक्त सकाळी, आणि गुरुजी यमन राग संध्याकाळशिवाय गाणार नाहीत. दादाने खिडक्या लावल्या, पडदे ओढले, समई पेटवली. "गुरुजी, संध्याकाळ झाली."

गुरुजींनी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं. "मग माझा संध्याकाळचा चहा कुठाय?"

*

दादाची धून सरावाच्या एका टेपवर सापडली. काल ती लावून, रेकॉर्डिंग चालू करून तिघे तिच्यासोबत गायला-वाजवायला बसले. दादाच्या स्टुलावर विल्सनने बॅग ठेवली, ती मी फेकून दिली.

धून संपली. विल्सन थांबला, गुरुजी थांबले. बबन चालूच. नजर त्या रिकाम्या स्टुलावर.

विल्सन माझ्या कानाशी आला. "अरे, तू कर ना हात वर. भाऊ आहेस त्याचा."

मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले.

खट्‌ करून रेकॉर्डिंगची कॅसेट संपली. बबन चालूच.

गुरुजी उठले आणि त्यांनी नवी कॅसेट लावली.