व्हरांड्यातलं ऊन

कॉलेजातली मुलं तिला 'पट्टी' म्हणत. एक तर ती सरळ बोलायची, आणि वेळ पडलीच तर लागेल असंही. पुढे आर्किटेक्ट झाली तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

आई लवकर गेली, पट्टीला वाढवलं आत्याने. आत्याचा बाणा एकच: कामाशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही. आता बरोबरीच्या मैत्रिणी एकेक करून गेल्या आणि तिचं बोलणं रेडिओवरच्या बातम्यांना टोमणे मारण्यापुरतं उरलं. पट्टीला तेच खुपत होतं.

त्याच सुमारास एकट्या म्हाताऱ्या माणसांसाठी इमारत बांधायचं काम तिच्याकडे आलं. संस्थेच्या अध्यक्षांना वरच्या मजल्यावर गप्पांसाठी झकास हॉल हवा होता. पट्टीने तो नकाशातून उडवला आणि खाली, मुख्य दार आणि लिफ्ट यांच्या मध्ये, उन्हाचा रुंद व्हरांडा काढला. कपडे धुण्याची मशिनं तिथेच, दोऱ्या तिथेच, कट्टाही तिथेच.

"अहो बाई, म्हाताऱ्यांनी कपडे घेऊन खाली यायचं? घरोघरी मशिन द्या की!"

"मग ती दाराबाहेर कशाला पडतील? गप्पा मारायला चल म्हटलं तर माझी आत्या जागची हलणार नाही. तिला काम लागतं."

"आणि नाहीच आली तर?"

"पहिली खोली तिला द्या. महिनाभर ती गप्प राहिली, तर मशिनं वर न्या आणि व्हरांड्याचा हॉल करा."

"तोंडावर पडाल हं!"

"पडले तर माझ्याच व्हरांड्यात पडेन."

इमारत उभी राहिली, आत्या राहायला आली आणि तिने न्हाणीघरात बादली घेऊन हाताने कपडे धुवायला सुरुवात केली. "मशिन कसलं, नुसतं घुसळतं मेलं!" अध्यक्षांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज जरा जास्तच गोड होता.

"धुवू दे बादलीत," पट्टी म्हणाली. "दिवसभराचं ऊन खालीच आहे. दमट कपडा आत्या अंगाला लावणार नाही."

महिना भरत आला तेव्हा ती भेटायला गेली. दारातच ओळखीचा चढा आवाज कानावर आला.

"मास्तर, एवढी चादर पसरून माझ्या कपड्यांचं ऊन खाल्लंत! आणि ही पिळलीय की नुसती बुचकळलीय?"

"पिळायला शिकलोच नाही हो, बाई."

"शाळेतली पोरं बरी पिळलीत!"

कट्ट्यावरच्या दोघीजणी हातातले टॉवेलच तोंडाला लावून हसत होत्या. पट्टी पुढे झाली.

"आत्या, चल वर, चहा घेऊ."

आत्याने मान न वळवता खोलीची किल्ली तिच्या हातात दिली. "तू हो पुढे, आधण ठेव. माझं भांडण अर्धं राहिलंय."